सगळ्यांत कमी तार

गणित हा माझा प्रांत नव्हे. मराठी घेऊन बी. ए. झालो आणि पुढं कविताच लिहीत राहिलो. तरीही आज मी झाडांविषयी बोलणार आहे आणि ती झाडं आहेत गणितातली, संगणकातली. त्याला कारण माझी मुलगी.

ती संगणकशास्त्र शिकत होती तेव्हाची गोष्ट. एका संध्याकाळी तिच्या वहीत मला एक चित्र दिसलं. वर एक वर्तुळ, त्यातून खाली उतरणाऱ्या दोन रेषा, प्रत्येक रेषेच्या टोकाला पुन्हा वर्तुळ, त्यातून पुन्हा रेषा. मी विचारलं, "हे काय गं?" ती म्हणाली, "झाड आहे, अब्बा." मी म्हटलं, "मग मूळ कुठाय?" तिनं सगळ्यांत वरच्या वर्तुळावर बोट ठेवलं. "आमच्याकडं झाड असंच काढतात. मूळ वर, पानं खाली."

मला नवल वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. मूळ वर आणि फांद्या खाली असा अश्वत्थ गीतेच्या पंधराव्या अध्यायात आहे आणि ज्ञानदेवांनी तो मराठीत ऐसपैस उभा केला आहे. आमच्या घरी आजोबांनी कापडात गुंडाळून ठेवलेला शजरा होता. शजरा म्हणजे वंशावळ. अरबीत शजर म्हणजे झाड. त्या कागदावरही मूळ पुरुष सगळ्यांत वर आणि त्याची मुलं-नातवंडं खाली पसरत गेलेली. माणूस फार पूर्वीपासून झाडाच्या आकारात विचार करत आला आहे. संगणकानं तो आकार आपलासा केला.

वही चाळताना मला काही नावं भेटली. क्रुस्कल, प्रिम, डायक्स्ट्रा. आणि एका कोपऱ्यात, बारीक अक्षरात, बोरूव्का. "हा कोण?" मी विचारलं. मुलगी म्हणाली, "माहीत नाही. परीक्षेला येत नाही." परीक्षेला न येणाऱ्या त्या माणसाची ही गोष्ट आहे.

आधी गणितातलं झाड म्हणजे काय ते सांगतो. समजा, काही गावं आहेत आणि त्यांना तारांनी जोडायचं आहे. कुठल्याही गावातून कुठल्याही गावात तारेतारेनं पोचता आलं पाहिजे, पण कुठंही फेरा व्हायला नको. म्हणजे निघालेली तार फिरून त्याच गावात यायला नको. अशी जोडणी म्हणजे झाड. त्याचा एक गुण लक्षात ठेवण्यासारखा आहे. झाडात एकही तार फालतू नसते. कुठलीही एक तोडली की सगळ्या जाळ्याचे दोन तुकडे होतात.

विजेच्या मंडलांचा अभ्यास करताना जर्मन शास्त्रज्ञ किरखॉफनं १८४७ साली अशा रचना वापरल्या होत्या. त्यांना 'झाड' हे नाव दिलं ते आर्थर केली या इंग्रज गणितज्ञानं, १८५७ साली. केली तेव्हा लंडनमध्ये वकिली करत होता आणि फावल्या वेळात गणित. पुढं १८८९ साली त्यानं एक सूत्र मांडलं : ठरावीक गावं असतील तर त्यांची किती वेगवेगळी झाडं होऊ शकतात? चार गावांची १६ होतात. पाच गावांची १२५. दहा गावांची थेट दहा कोटी. हा निकाल बोर्खार्ट या जर्मन गणितज्ञानं १८६० सालीच काढला होता आणि केलीनं आपल्या लेखात त्याचा उल्लेखही केला होता. पण सूत्र ओळखलं जातं केलीच्या नावानं. नाव एकाचं आणि काम आधी दुसऱ्याचं, हा प्रकार या गोष्टीत पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

आता मोराव्हियात जाऊ. हा आजच्या चेक प्रजासत्ताकाचा पूर्व भाग. पहिलं महायुद्ध संपलं, १९१८ साली चेकोस्लोवाकिया हा नवा देश जन्माला आला आणि पुढच्याच वर्षी त्यानं विद्युतीकरणाचा कायदा केला. दक्षिण मोराव्हियातल्या खेड्यापाड्यांत वीज न्यायची होती. तांब्याची तार महाग. वीज कंपनीतल्या मंडळींशी ओटाकार बोरूव्का या तरुण गणितज्ञाची मैत्री होती. त्यांनी त्याला विचारलं, सगळी गावं जोडायची, पण तार कमीत कमी लागली पाहिजे. याला गणितात काही उत्तर आहे का?

प्रश्न साधा वाटतो, पण केलीचं सूत्र आठवा. गावं ४० असतील तर शक्य असलेल्या झाडांची संख्या ६१ आकडी होते. एकेक झाड काढून त्याची लांबी मोजायची म्हटलं तर आजचे संगणकसुद्धा हात टेकतील. बोरूव्काजवळ तर कागद-पेन्सिलीशिवाय काही नव्हतं.

बोरूव्काचा जन्म १८९९ सालचा, उहेर्स्की ओस्त्रोह या लहानशा गावातला. ब्रनो शहरात तो शिकला आणि तिथंच शिकवू लागला. १९२६ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्यानं आपलं उत्तर छापलं. एक लेख गणितज्ञांसाठी आणि दुसरा, छोटा, विजेच्या इंजिनिअरांसाठी. त्या छोट्या लेखात त्यानं ४० ठिकाणांचं उदाहरण चित्रं काढून सोडवून दाखवलं.

त्याची युक्ती आपल्या शेजारधर्मासारखी आहे. प्रत्येक गावानं फक्त आपल्या सगळ्यांत जवळच्या गावाकडं पाहायचं आणि तिकडं तार टाकायची. सगळ्यांनी एकाच वेळी. यातून गावांचे लहानलहान गट तयार होतात. मग दुसरी फेरी. आता प्रत्येक गटानं आपल्या बाहेरचं सगळ्यांत जवळचं गाव शोधायचं आणि तार टाकायची. मग गटांचे मोठे गट. असं करत करत सगळं एक होईपर्यंत चालायचं. दर फेरीला गटांची संख्या निदान निम्म्यावर येते. ४० गावांची जास्तीत जास्त २०, मग १०, मग ५, मग २, मग १. पाच फेऱ्यांत काम संपतं आणि ३९ तारा पडतात. एकही जास्त नाही. अट एवढीच की कुठलीही दोन अंतरं अगदी सारखी नसावीत.

हे उत्तर बरोबर कशावरून? समजा, मधून नदी वाहते आहे आणि काही गावं अलीकडं, काही पलीकडं आहेत. दोन्ही तीर जोडायला निदान एक तार नदी ओलांडणारच. मग ओलांडणाऱ्यांपैकी सगळ्यांत आखूड तार सोडून आपण लांबची घेतली, तर ते शहाणपण नव्हे. आखूड तार टाकून लांबची काढून घेतली की जोडणी तशीच राहते आणि खर्च कमी होतो. म्हणजे नदी कुठूनही वाहती कल्पा, तिच्यावरची सगळ्यांत आखूड तार उत्तरात असलीच पाहिजे. सगळ्या सिद्धतेचं सार या एका वाक्यात आहे.

एक गंमत पाहा. इथं हावरटपणा चालतो. डोळ्यांसमोरचं सगळ्यांत स्वस्त ते उचला, पुढचा विचार करू नका, तरी शेवटी हिशेब सर्वोत्तमच निघतो. असं क्वचित घडतं. फिरत्या विक्रेत्यानं सगळ्या गावांना एकेकदा भेट देऊन कमीत कमी प्रवासात घरी परत यायचं असेल, तर हीच हावरट चाल त्याला हमखास उत्तर देत नाही. कधीकधी चांगलाच फेरा पाडते. कुठं हावरटपणा चालतो आणि कुठं नाही, हे ओळखणं हाच पुढं या शास्त्राचा एक मोठा विषय झाला.

पण बोरूव्काच्या लेखात हे सारं इतकं सोपं करून लिहिलेलं नव्हतं. ग्राफ थिअरी म्हणून आज जे शास्त्र शिकवतात त्याचं पहिलं पाठ्यपुस्तक डेनेश कोनिगनं लिहिलं ते १९३६ साली. त्याच्या दहा वर्षं आधी बोरूव्का लिहीत होता. त्याच्याजवळ सोयीचे शब्दच नव्हते. लेख जडजंबाळ झाला. आणि मुख्य म्हणजे तो लिहिला होता चेक भाषेत. शेवटी जर्मनमध्ये थोडक्यात सारांश दिला होता, इतकंच.

तो वाचला एका माणसानं, त्याच भाषेतल्या. प्रागच्या व्होइत्येख यार्निकनं बोरूव्काला पत्र लिहून आणखी सोपी रीत कळवली. कुठल्याही एका गावापासून सुरुवात करा. त्याच्या सगळ्यांत जवळचं गाव जोडा. मग या जोडलेल्या गावांना बाहेरचं जे सगळ्यांत जवळ असेल ते जोडा. वेल वाढावी तसं झाड वाढत जातं. हे पत्र १९३० साली छापून आलं, तेही चेकमध्येच. नंतर दोघंही आपापल्या कामाला लागले. बोरूव्काचा जीव भूमितीत आणि समीकरणांत होता. तारेचा प्रश्न त्याच्या दृष्टीनं सुटला होता.

जगानं मात्र तो पुन्हा पुन्हा सोडवला. १९३८ साली फ्रान्समध्ये रस्त्यांच्या जाळ्याच्या निमित्तानं गुस्ताव शोकेनं सोडवला. १९५१ साली पोलंडमधल्या व्रोत्स्वाफ शहरात ह्यूगो स्टाइनहाउस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सोडवला. त्यांना वस्तूंचं आणि नमुन्यांचं वर्गीकरण करायचं होतं. दोन्हीकडं रीत बोरूव्काचीच निघाली, पण बोरूव्काचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं.

मग गोष्टीत एक अनामिक माणूस येतो. पन्नाशीच्या दशकात अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात जोसेफ क्रुस्कल हा तरुण गणितज्ञ होता. त्याच्या हातात कुणीतरी काही पातळ पानं ठेवली. टंकलिखित, कार्बनखालची प्रत, जर्मन भाषेत. गणित विभागात ती हातोहात फिरत होती. तो होता बोरूव्काच्या १९२६ सालच्या लेखाचा जर्मन सारांश. ती पानं कुणी टाइप केली आणि कशासाठी, हे क्रुस्कलला कधीच कळलं नाही. त्याला पहिल्या वाचनात सगळं उमगलंही नाही, पण कल्पना ध्यानात आली आणि ती इतकी गुंतागुंतीची असायचं कारण नाही असं वाटलं. १९५६ साली त्यानं आपली रीत छापली. सगळ्या शक्य तारा लांबीप्रमाणे ओळीनं लावा. ४० गावांच्या अशा ७८० तारा होतात. सगळ्यांत आखूड तारेपासून एकेक घेत चला. जिच्यामुळं फेरा होतो ती टाकून द्या. झालं. ही रीत आता जगभरच्या वर्गांत शिकवतात. क्रुस्कलनं प्रामाणिकपणे बोरूव्काचा हवालाही दिला.

लगेच पुढच्या वर्षी, १९५७ साली, बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेतल्या रॉबर्ट प्रिमनं दुसरी रीत छापली. ती होती यार्निकची. १९५९ साली हॉलंडच्या एड्सगर डायक्स्ट्रानं पुन्हा तीच छापली. अॅमस्टरडॅमच्या ज्या संस्थेत तो काम करत होता तिथं नवा संगणक बांधायचा होता आणि त्याच्या पाठीमागच्या फळीवर असंख्य टोकं कमीत कमी तांब्याच्या तारेनं जोडायची होती. मोराव्हियातली खेडी गेली आणि त्यांच्या जागी संगणकाची टोकं आली. प्रश्न तोच, तार तीच. या दोघांपैकी कुणी चोरी केली असं नाही. त्यांना यार्निक माहीतच नव्हता. चेकमधलं ते पत्र त्यांच्यापर्यंत पोचवणारं कुणी नव्हतं.

याच्या शेजारी दुसरी एक गोष्ट ठेवून पाहू. मुलीच्या वहीतलं ते मूळ वर असलेलं झाड आठवतं? ते माहिती शोधण्याचं झाड. प्रत्येक वर्तुळात एक नाव लिहायचं. वर्णक्रमानं आधीचं नाव डावीकडं, नंतरचं उजवीकडं. शोधताना प्रत्येक पायरीला एक बाजू सोडून द्यायची. झाड दोन्ही बाजूंनी सारखं वाढलं असेल तर दहा लाख नावांतलं हवं ते नाव वीस पायऱ्यांत हाती लागतं. पण नावं आधीच ओळीनं लावून आली तर झाड एकाच बाजूला लांबत जातं, त्याची दोरी होते आणि दहा लाख पायऱ्या उतरायची वेळ येते. यावर १९६२ साली मॉस्कोतल्या दोघांनी तोड काढली. आडेलसन-वेल्स्की आणि लांडिस. नवं नाव घातल्यावर कुठंही एक बाजू दुसरीपेक्षा दोन पातळ्यांनी वाढली की झाड तिथल्या तिथं थोडं फिरवून तोल सावरायचा. या झाडात दहा लाख नावं असली तरी २८ पातळ्यांपलीकडं कधी जावं लागत नाही.

त्यांचा लेख रशियन भाषेत होता आणि काळ शीतयुद्धाचा. तरीही या झाडाला आज सगळं जग त्या दोघांच्या आद्याक्षरांवरून 'एव्हीएल' म्हणून ओळखतं. याचं एक मोठं कारण असं की, सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या त्या पत्रिकेतले गणिताचे लेख अमेरिकन गणित संस्था तेव्हा नियमितपणे इंग्रजीत आणत होती. हा लेख १९६२ सालीच, त्याच वर्षी, इंग्रजीत आला. दोन्ही देश एकमेकांवर अण्वस्त्रं रोखून बसले होते, पण दोन भाषांमध्ये एक तार शाबूत होती. चेक भाषेला ती तार मिळाली नाही. तिच्या वाट्याला आली ती कार्बनखालची काही पानं.

ज्या ब्रनो शहरात बोरूव्का राहिला, त्याच शहरात ग्रेगोर मेंडेलनं वाटाण्याच्या वेलांवरचे आपले प्रयोग १८६५ साली वाचून दाखवले होते. तो लेख तर जर्मनमध्ये होता, तरी त्याचं मोल जगाला कळायला १९०० साल उजाडलं. तोवर मेंडेल जाऊन सोळा वर्षं झाली होती. बोरूव्काला दैवानं जास्त आयुष्य दिलं. पण त्याची रीत अनेक पुस्तकांत सोलां या फ्रेंच माणसाच्या नावावर जमा झाली होती. सोलांनं ती साठीच्या दशकात पुन्हा शोधली होती. १९८५ साली रोनाल्ड ग्रॅहम आणि पावोल हेल यांनी या प्रश्नाचा सगळा इतिहास खणून काढला, तेव्हा बोरूव्का आणि यार्निक यांची नावं ठळकपणे पुढं आली. यार्निक १९७० सालीच वारला होता. बोरूव्का तेव्हा ८६ वर्षांचा होता.

आणि मग काळानंच कूस बदलली. एकच काम अनेक संगणकांनी मिळून एकदम करायचे दिवस आले. क्रुस्कलची रीत एका ओळीत चालते. आधीची तार ठरल्याशिवाय पुढची ठरत नाही. यार्निकचा वेलही एका वेळी एकच पान वाढवतो. बोरूव्काच्या रीतीत मात्र प्रत्येक गाव आपापला शेजारी एकाच वेळी शोधतं. कुणी कुणासाठी थांबत नाही. सगळ्यांत जुनी, जडजंबाळ म्हणून बाजूला पडलेली रीत नव्या यंत्रांना सगळ्यांत सोयीची निघाली. १९९५ साली कार्गर, क्लाइन आणि टार्जन यांनी या प्रश्नाचं तोवरचं एक अतिशय वेगवान उत्तर दिलं, त्याच्या पोटात बोरूव्काच्या फेऱ्या आहेत. त्याच वर्षी जुलैमध्ये बोरूव्का ब्रनोत वारला, ९६ व्या वर्षी. त्याच्या दोन्ही लेखांचं संपूर्ण इंग्रजी भाषांतर छापून आलं ते २००१ साली. यारोस्लाव नेशेत्रिल, एवा मिल्कोवा आणि हेलेना नेशेत्रिलोवा या तीन चेक अभ्यासकांनी ते केलं. मूळ लेखांना तेव्हा पंचाहत्तर वर्षं झाली होती.

मी मराठीत लिहितो. उर्दूत का लिहीत नाही असं काही जण विचारतात, इंग्रजीत का नाही असं काही जण. मी सांगतो, ज्या भाषेत मला पाऊस दिसतो त्या भाषेत लिहितो. बोरूव्कालाही त्याच्या भाषेत ती गावं दिसली असणार. त्यानं जर्मनमध्येच लिहायला हवं होतं, असं मला मुळीच वाटत नाही. ज्या गावांत वीज जायची होती तिथले इंजिनिअर चेक वाचत होते आणि लेख त्यांच्या कामाचा होता. चूक त्याच्या भाषेची नव्हती. उणीव होती ती मधल्या तारेची.

भाषांतर करणाऱ्याला आपल्याकडं दुय्यम समजतात. पुस्तकावर त्याचं नाव बारीक अक्षरात, मानधन त्याहून बारीक. पण झाडाचा तो गुण आठवा, एकही तार फालतू नसते. प्रिन्स्टनमधल्या त्या अनामिक टंकलेखकानं कार्बन घालून काही पानं बडवली नसती, तर बोरूव्काची गावं आणि क्रुस्कलची रीत यांच्यामधली तार पडलीच नसती. मराठीत आज कुठं कुठं काय लिहिलं जात असेल, शेतीवर, औषधांवर, गणितावर, आणि त्यातलं किती तार नाही म्हणून आपल्याच तीरावर अडून राहिलं असेल, कोण जाणे.

मुलीला मी ही सगळी गोष्ट सांगितली. तिनं वही उघडली आणि कोपऱ्यातल्या त्या बारीक नावाखाली पेन्सिलीनं एक रेघ ओढली. म्हणाली, "परीक्षेला येत नाही, अब्बा. पण राहू दे."

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)